गाडी एक, टायर आठ: जर्मनीत नव्याने आलेल्यांसाठी टायर साठवायची पद्धत

महाराष्ट्रात गाडीला पाच टायर असतात. चार खाली, एक डिकीत. ते गोटा होईपर्यंत त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही. नोकरीसाठी म्युनिक, स्टुटगार्ट किंवा फ्रँकफर्टला आलेल्या माणसाने इथे पहिली जुनी गाडी घेतली, की विकणारा किल्लीबरोबर आणखी चार चाकं दाखवतो आणि विचारतो, "ही कुठे ठेवू?" इथे गाडीला आठ टायर लागतात. त्यातले चार रस्त्यावर आणि चार कायम कुठेतरी ठेवलेले. ठेवलेल्या टायरना काय व्हायचंय, असं बहुतेकांना वाटतं. पण रबर वापरात नसतानाही म्हातारं होत असतं. ऊन, उष्णता, तेल आणि ओझोन या चार गोष्टी ते म्हातारपण लवकर आणतात. हजारभर युरोंचा संच चुकीच्या कोपऱ्यात ठेवून दोन-तीन वर्षांत वाया घालवण्यापेक्षा वर्षातून दोनदा तास-दीड तास नीट दिलेला बरा.

दोन संच कशासाठी

उन्हाळी टायरचं रबर थंडीत कडक होतं. साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली त्याची रस्त्यावरची पकड कमी व्हायला लागते, असा इथला सर्वमान्य ठोकताळा आहे. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. त्याच्या नक्षीत असंख्य बारीक चिरा असतात आणि त्या बर्फाला धरतात. तोच मऊपणा जुलैच्या तापलेल्या डांबरावर नडतो. टायर लवकर झिजतो आणि ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. म्हणून हिवाळी टायर वर्षभर पळवायचा मोह टाळा. कायदा आडवा येत नाही, पण शहाणपणाचं नाही.

जर्मनीत हिवाळी टायर लावायची ठरलेली तारीख नाही. रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल किंवा दवाचा गोठलेला थर असेल तर ते गाडीला हवेतच, एवढाच नियम. नसतील तर ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या नोंदवहीत, म्हणजे वाहनचालकांच्या चुकांच्या सरकारी नोंदीत, तुमच्या नावावर एक दंडाचा गुण. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चिन्ह असलंच पाहिजे. नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेले टायर १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी म्हणून चालत नाहीत. जुन्या गाडीबरोबर आलेला हिवाळी संच हौसेने साठवण्याआधी हे चिन्ह पाहून घ्या. नसेल तर साठवण्यात अर्थ नाही.

केव्हा

इथे म्हणतात, ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ऑक्टोबर ते ईस्टर. आपल्याला लक्षात ठेवायला सोपं: दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला की त्याच आठवड्यात टायर बदलायची वेळ ठरवून टाका. पहिल्या बर्फाची बातमी आली की गॅरेजचे फोन लागत नाहीत आणि दोन-तीन आठवडे पुढची तारीख मिळते. वसंतात मात्र घाई नको. मार्चमध्ये चार दिवस ऊन पडलं म्हणून टायर बदलले आणि एप्रिलमध्ये पुन्हा बर्फ पडला, असं बव्हेरियात होत असतं.

पायरी पहिली: काढण्याआधी खूण करा

चाक गाडीवर असतानाच त्याची जागा लिहून ठेवा. गॅरेजवाले 'पुढे डावं', 'मागे उजवं' या जर्मन शब्दांची आद्याक्षरं लिहितात. तुम्ही घरी काढत असाल तर मेणखडूने किंवा पांढऱ्या खडूने टायरच्या आतल्या बाजूला सरळ मराठीत लिहा: पु-डा, पु-उ, मा-डा, मा-उ. खडूचं पुसलं जाण्याची भीती असेल तर वॉल्वच्या टोपणाला चिठ्ठी बांधा.

याचा उपयोग सहा महिन्यांनी कळतो. पुढची आणि मागची चाकं सारखी झिजत नाहीत. पुढच्या चाकांवर इंजिनाचं बळ असलेल्या गाडीत पुढची लवकर झिजतात. कोणतं कुठे होतं हे माहीत असेल तर पुढच्या वेळी अदलाबदल करून झीज समान करता येते. फरक जास्त असेल तर चांगली जोडी मागे लावायची असा सल्ला इथे देतात, कारण ओल्या वळणावर मागची पकड सुटली की गाडी सावरणं अवघड जातं. काही टायरना फिरायची दिशा ठरलेली असते. त्यांच्या बाजूवर 'रोटेशन' शब्द आणि बाण असतो. अशी चाकं डावी-उजवी करायची नाहीत, फक्त पुढे-मागे.

खुणेबरोबर दोन छोट्या वस्तू सांभाळायच्या. लोखंडी रिम आणि अलॉय रिम यांचे बोल्ट बऱ्याचदा वेगळे असतात, लांबीला आणि बैठकीला. काढलेले बोल्ट पिशवीत घालून, वर नाव लिहून, त्याच संचाबरोबर ठेवा. दुसरी वस्तू म्हणजे चोरीपासून बचावाच्या बोल्टची चावी, मुठीत मावणारा लोखंडी तुकडा. ती हरवली तर चाक निघतच नाही आणि गॅरेजवाला बोल्ट फोडायचे पैसे घेतो. तिची जागा एकच ठरवा, शक्यतो डिकीतल्या हत्यारांच्या खणात.

पहिल्यांदाच करत असाल तर चाक बदलायचं काम गॅरेजला द्या आणि शेजारी उभं राहून बघा. जॅक कुठे लावायचा, बोल्ट किती घट्ट करायचे, हे प्रत्येक गाडीचं वेगळं असतं. उतारावर किंवा मऊ जमिनीवर जॅक लावणं धोक्याचं आहे.

पायरी दुसरी: धुवा आणि पूर्ण वाळवा

हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते रिमवर तसंच राहिलं तर सहा महिन्यांत अलॉयवर पांढरे फोड येतात आणि लोखंडी रिम गंजते. ब्रेकची काळी पूड तर रिमच्या लेपात रुतून बसते. साधं पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. नक्षीत अडकलेले खडे बोथट काडीने काढा. स्क्रूड्रायव्हरने टोकरताना रबर कापलं जातं.

अंगणात किंवा रस्त्याच्या कडेला धुण्याआधी गावाचा नियम पाहा. सांडपाणी जमिनीत मुरू नये म्हणून पुष्कळ ठिकाणी तशी मनाई आहे. नाणी टाकून चालणाऱ्या वॉशिंग बॉक्समध्ये गेलात की प्रश्नच नाही. तिथली दाबाच्या पाण्याची बंदूक टायरपासून निदान वीतभर लांब धरा. गोल फिरणाऱ्या तीव्र धारेचं तोंड असेल तर ते टायरवर वापरू नका. आतल्या थरांना झालेली इजा बाहेरून दिसत नाही.

टायर काळे चकचकीत करणारे फवारे साठवण्याआधी नकोत. रबरात कंपनीनेच मेण आणि ओझोनपासून वाचवणारी द्रव्यं घातलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि त्यामुळे टायर किंचित तपकिरी दिसतो. तो मळ नाही, ते टायरचं कवच आहे. पेट्रोलजन्य द्रावण असलेले फवारे तेच काढून टाकतात.

वाळवण्यात कंजूषी करू नका. रिमच्या आतल्या बाजूला पाणी साचून राहतं, तेव्हा चाक उलटं-सुलटं करून फडक्याने टिपा.

पायरी तिसरी: आत्ताच तपासा

माझ्या मते या साऱ्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे आणि नेमका हाच लोक सोडून देतात. टायर काढला त्या दिवशी तपासला तर नवा घ्यायचा की नाही हे ठरवायला हाताशी सहा महिने असतात. हिवाळी टायर वसंतात किंवा उन्हाळ्यात शोधता येतो, चार दुकानांचे भाव बघता येतात. तोच ऑक्टोबरच्या अखेरीला बाहेर काढल्यावर गोटा निघाला, तर मिळेल तो आणि सांगतील त्या भावाला घ्यावा लागतो.

नक्षीतल्या खाचेची खोली मोजायला मापकाची गरज नाही. खिशातलं दोन युरोंचं नाणं काढा. त्याची रुपेरी बाहेरची कड ४ मिलिमीटर रुंद असते. नाणं मुख्य खाचेत उभं घाला. रुपेरी कड पूर्ण आत गेली तर खाच निदान ४ मिलिमीटर आहे. कड वर दिसत असेल तर तो हिवाळी टायर पुढच्या हिवाळ्यासाठी साठवू नका. एक युरोच्या नाण्याची सोनेरी कड ३ मिलिमीटरची, ती उन्हाळी टायरसाठी. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण पावसात आणि बर्फात टायर त्याच्या कितीतरी आधी निकामी होतो, म्हणून इथली मोटारचालकांची संघटना एडीएसी हिवाळीसाठी ४ आणि उन्हाळीसाठी ३ मिलिमीटर सांगते. म्युनिककरांसाठी आणखी एक कारण: शनिवार-रविवारी साल्झबुर्ग किंवा इन्सब्रुककडे जाणं होतंच आणि ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ असेल तर ४ मिलिमीटरपेक्षा कमी खाचेचा टायर हिवाळी मानलाच जात नाही. नाणं एकाच जागी घालून थांबू नका. आतली कड, मधला भाग आणि बाहेरची कड, तिन्ही ठिकाणी घाला. आतली कड जास्त झिजली असेल तर व्हील अलाइनमेंट बिघडलेली आहे. मधला भाग जास्त झिजला असेल तर हवा जास्त भरली जात होती आणि दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी.

मग वय. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतर बरीच अक्षरं-आकडे असतात, त्यातले शेवटचे चार बघा. ३५२१ असेल तर टायर २०२१ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. कधीकधी हे चार आकडे फक्त एकाच बाजूला असतात, तेव्हा आतली बाजूही बघा. हिवाळी टायर सहा-आठ वर्षांनी इतका कडक होतो की खाच असूनही त्याची पकड गेलेली असते. दहा वर्षांचा टायर कितीही नवा दिसला तरी साठवू नये. जुन्या गाडीबरोबर 'जवळजवळ न वापरलेला' म्हणून मिळणारा संच बऱ्याचदा असाच वयस्कर असतो.

शेवटी उजेडात बाजू न्याहाळा. अंगठ्याने रबर दाबून वाकवलं की केसासारख्या चिरा उघडतात. फुगवटा दिसला तर पदपथाच्या कडेवर आदळून आतले धागे तुटलेले आहेत. तो टायर बाद. खिळा रुतला असेल तर काढू नका, तसाच टायरवाल्याकडे न्या.

जे दिसलं ते कागदावर लिहा: खाच किती, साल कोणतं, कुठे काय इजा. फोटो काढून ठेवला तरी चालेल.

पायरी चौथी: जागा

गार, कोरडी, अंधारी, हवा खेळती. तापमान २५ अंशांच्या खाली. भाड्याच्या घराबरोबर इथे बहुतेक वेळा तळघरात जाळीची किंवा फळ्यांची छोटी खोली मिळते, तिला केलर म्हणतात. टायरसाठी याहून चांगली जागा नाही, पण शेजारी काय आहे ते बघा. त्याच तळघरातली बॉयलरची खोली गरम असते, तिथे नको. पंपाच्या किंवा फ्रीझरच्या चालत्या मोटरीजवळ नको, विजेच्या ठिणगीतून ओझोन तयार होतो आणि ओझोन रबराला चिरा पाडतो. रंग, थिनर, पेट्रोलचा कॅन, गवत कापायचं यंत्र, यांच्या शेजारी नको. इंधनाचा आणि तेलाचा नुसता थेंबही रबर फुगवतो.

जमिनीवर थेट ठेवू नका. खाली लाकडी पॅलेट किंवा जाड पुठ्ठा घाला. ओल्या काँक्रीटपासून टायर वाचतो आणि फरशीही वाचते. खोलीत व्हिनाइलची जमीन असेल तर टायरच्या रबरातली द्रव्यं तिच्यात उतरतात आणि तपकिरी डाग पडतो. तो कशानेही निघत नाही, आणि घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापले जातात.

जिन्यात किंवा सामायिक बोळात टायर ठेवू नका. ती आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट असते आणि घरमालक लगेच पत्र पाठवतो. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये तुमची स्वतःची जागा असली, तरी तिथे टायर ठेवायला परवानगी आहेच असं नाही. राज्याराज्याचे गॅरेजचे नियम आणि इमारतीची नियमावली वेगवेगळी असते. व्यवस्थापनाला एक ईमेल पाठवून लेखी उत्तर घ्या.

बाल्कनीशिवाय पर्याय नसेल तर उन्हाची बाजू सोडून, अपारदर्शक कव्हर घालून ठेवा. खालून थोडी हवा जाऊ द्या. टायरच्या पिशव्या मिळतात, त्या उजेड आणि धूळ अडवतात, पण आत ओलसर चाक गेलं तर रिम तिथेच गंजते. अंधाऱ्या, कोरड्या केलरमध्ये पिशवीची गरज नाही.

पायरी पाचवी: आडवे, उभे की टांगलेले

इथे नियम सरळ आहे आणि तो रिमवर अवलंबून आहे.

रिमवर चढवलेले टायर आडवे, एकावर एक, फार तर चार ठेवा, किंवा भिंतीला मजबूत हुकाने रिमपासून टांगा. मधोमध उभा दांडा आणि त्याला चार आधार असलेला स्टँड मिळतो. त्याच्यावर चाकं एकमेकांना टेकत नाहीत आणि जागा एका चाकाइतकीच लागते. छोट्या केलरसाठी मी तोच सुचवेन. रिमसह एक चाक साधारण २० किलोचं असतं, तेव्हा वरचं चाक चढवताना कंबर सांभाळा. ठेवण्याआधी नेहमीच्या दाबापेक्षा अर्धा बार जास्त हवा भरा, कारण महिन्यांत थोडी हवा गळतेच. वॉल्वची टोपणं लावलेली असू द्या.

रिमशिवाय नुसते टायर मात्र उभे ठेवायचे. रास केली तर खालचा दबतो, टांगले तर ज्या जागी आधार आहे तिथे आकार बिघडतो. महिन्यातून एकदा थोडे फिरवा, नाहीतर खालची बाजू चपटी होते.

हेच गाडीला लावलेल्या टायरनाही लागू आहे. दीड-दोन महिन्यांसाठी भारतात जाणार असाल आणि गाडी एका जागी उभी राहणार असेल, तर निघण्याआधी तिच्या टायरमध्येही अर्धा बार जास्त हवा भरा आणि परतल्यावर ती उतरवा.

२०१४ च्या नोव्हेंबरपासून युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना टायरमधला दाब सांगणारी यंत्रणा सक्तीची आहे. काही गाड्यांत त्यासाठी प्रत्येक रिममध्ये सेन्सर असतो. तसा असेल तर दुसऱ्या संचातही सेन्सर हवेत. रिम टांगताना वॉल्ववर भार येऊ देऊ नका, सेन्सर त्याच्याच आतल्या टोकाला असतो.

साठवण विकत घ्यायची असेल तर

तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही, केलरमध्ये आधीच लग्नातली भांडी आणि सुटकेसी, असं असेल तर गॅरेजकडे टायर ठेवायला द्या. टायरचं हॉटेल, राइफेनहोटेल, असंच त्याला म्हणतात. एका हंगामाचा दर शहर आणि टायरच्या आकारानुसार बदलतो. धुणं आणि तपासणी त्यात धरली आहे का ते विचारा, बऱ्याचदा वेगळे पैसे असतात. पावतीवर ब्रँड, आकार, तयार झाल्याचं साल, खाचेची खोली आणि असलेल्या इजा लिहून घ्या. त्याशिवाय सही करू नका. सहा महिन्यांनी दुसराच संच हाती आला तर तुमच्याकडे तेवढाच पुरावा असतो. चोरी आणि आगीचा विमा कुणाचा, हेही आधीच विचारा.

कंपनीची किंवा लीजवरची गाडी असेल तर करार वाचा. साठवण अनेकदा हप्त्यातच धरलेली असते. गाडी परत करताना दोन्ही संच मागतात.

हँबर्ग किंवा ड्युसेलडॉर्फसारख्या सपाट भागात राहत असाल, गाडी कमी चालवत असाल आणि स्कीइंगचा नाद नसेल, तर डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेले बारमाही टायर घेऊन साठवणीचा प्रश्नच मिटवता येतो. दक्षिणेतल्या डोंगराळ आल्गॉयमध्ये किंवा आल्प्सच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना मात्र मी दोन संचच ठेवायला सांगेन.

परत घालताना

साठवणीतून काढल्यावर चिरा आणि फुगवटे पुन्हा एकदा बघा. दिशेचा बाण आणि तुमची खूण जुळवा. गाडीच्या हबवरचा, म्हणजे चाक जिथे बसतं त्या भागावरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, बोल्टच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका. बोल्ट आधी हाताने फिरवून बसवा, मग एकाआड एक, समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, म्हणजे घट्ट करायचा जोर मोजणाऱ्या पान्याने, घट्ट करा. आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. बऱ्याच गाड्यांना ११० ते १४० न्यूटन मीटर लागतात, पण अंदाजावर जाऊ नका.

साठवताना भरलेली जादा हवा उतरवून दाब योग्य करा. तो दरवाज्याच्या खांबावरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणामागच्या स्टिकरवर छापलेला असतो. दाब सांगणारी यंत्रणा गाडीच्या मेनूतून रीसेट करा. मग ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट त्याच आकड्याला पुन्हा तपासा. गॅरेजने चाकं बदलली असतील तर ही तपासणी ते बहुधा फुकट करून देतात, पण आपणहून जाऊन सांगावं लागतं.

बाद ठरलेले टायर कचऱ्याच्या डब्यात किंवा रानात टाकता येत नाहीत, मोठा दंड बसतो. नवे घेतलेल्या गॅरेजकडे द्या, किंवा गावाच्या पुनर्वापर केंद्रावर न्या. तिथे दर टायरमागे थोडे पैसे घेतात. रिमसह असतील तर दर वेगळा असतो, म्हणून जाण्याआधी विचारून घ्या.